झाकणाचं पान

बावीस वर्षांच्या संसारात ‘मी आहे ना!’ हे वाक्य मी एकूण चार वेळा उच्चारलं आहे. पहिल्या वेळी आमचा गीझर गेला, दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांचा. तिसऱ्या वेळेबद्दल सोसायटीत आजही कुणी बोलत नाही. ही हकीकत चौथ्या वेळेची.

माझी बायको रुपाली मार्केट यार्डाच्या मागच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांना संगीत शिकवते. शाळेत वाद्य म्हणाल तर एक पेटी. ती कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली आधीच्या मुख्याध्यापकांबरोबर निवृत्त झालेली. म्हणून रुपालीने एक चित्रांचं पुस्तक शोधून काढलं, ‘वाटी म्हणाली टिण’. पानापानावर एकेक भांडं. वाटी टिण, डबा ठक, परात धम्म. बाईंनी पान उलटायचं, ज्याचं भांडं त्याने वाजवायचं, की झाला ताल! फक्त दर चौथ्या पानावर एक झाकण होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘झाकण गप्प बसलं.’

“हे पान फुकट कशाला घालवलंय?” मी विचारलं.

“सगळेच वाजत राहिले तर ताल होत नाही, गोंगाट होतो. गप्प कधी बसायचं हेसुद्धा शिकावं लागतं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली.

झाकण व्हायला मात्र वर्गात एकही पोर तयार होईना. शेवटी झाकण एका रिकाम्या बाकावर ठेवून दिलं.

नव्या मुख्याध्यापिका चैताली मॅडम मोजकं बोलतात, पण मोजून लागेल असं बोलतात. “रुपालीताई, शनिवारी पालकांसमोर कार्यक्रम करा. एका जरी पालकाची तक्रार आली, तर संगीताचा तास बंद. त्या जागी अबॅकस.”

रुपाली चार दिवस धड जेवली नाही. अकरा वर्षं हा तास तिने नुसत्या गळ्याच्या आणि खडूच्या जोरावर चालवला होता.

शनिवारी एक्केचाळीस मुलं घरून एक्केचाळीस भांडी घेऊन आली. गोंधळ नको म्हणून रुपालीने प्रत्येक भांड्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी खळीने चिकटवली. कार्यक्रम असा रंगला म्हणता! (तो ठेका ऐकून स्वारगेटला एक एसटी चक्क वेळेवर सुटली, असं मी ऐकलं. खरं-खोटं देव जाणे.) पण संपल्यासंपल्या बाहेर व्हॅनवाल्यांनी हॉर्न वाजवले, मुलं पळाली, मुलांमागे पालक पळाले, आणि भांडी वर्गातच राहिली. गाऊन गाऊन रुपालीचा आवाज पार बसला होता. तिने भांड्यांकडे बोट दाखवलं, कपाळाला हात लावला.

आणि मी म्हणालो, “मी आहे ना!”

भांडी पोत्यांत भरून रिक्षाने घरी आणली. सोमवारी चिठ्ठ्या बघून परत द्यायची, एवढंच काम होतं. पण भांड्यांना खडूची भुकटी लागली होती, खळीचे ओघळ होते. म्हटलं, परत करायची तर लखलखीत करावीत. रुपाली काढा पिऊन झोपली आणि मी दीड तास एक्केचाळीस भांडी घासली. शेवटचा तांब्या निथळत ठेवला तेव्हा लक्षात आलं, की भांडी स्वच्छ झाली होती आणि चिठ्ठ्यासुद्धा.

दुसरा कुणी असता तर हादरला असता. मी चोवीस वर्षं ऑफिसात रेकॉर्ड सेक्शनला आहे. मी भांडी उजेडात धरली, तर काय! नावं काठांवरच कोरलेली! आता तुम्ही म्हणाल, स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात ते देणाऱ्याचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत असेल. पण शेंबडं पोर रेकॉर्ड सेक्शनला नसतं.

मी यादी केली. एका तांब्यावर ‘कै.’ होतं, त्याला ‘प्रलंबित’मध्ये टाकलं. एका परातीवर तर आमचंच नाव निघालं, ‘श्री. सुखदेव व सौ. रुपाली वाघोले’. आपली परात चुकून गेली असेल, म्हणून ती मी मांडणीवर ठेवून दिली. मग रुपालीच्या फोनवरून पालकांच्या ग्रुपवर यादी टाकली. वर मजकूर लिहिला, “खाली नमूद इसमांनी रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत समक्ष हजर राहून आपापली भांडी ताब्यात घ्यावीत.”

ग्रुपवर फक्त पालकच होते हे खरं. पण पालकांना आत्या असतात, मामा असतात, आणि सगळ्यांकडे फोन असतो.

रविवारी पहिल्या आल्या कांताबाई. “तो कडीचा डबा माझा.”

“आपलं नाव?”

“डब्यावर वाचा की. शाळेत फक्त भांडी आणायला जाता का?”

नाव जुळलं. मी सही घेतली, डबा दिला. तेवढ्यात मागून एक बाई धापा टाकत आली. “अहो आत्या, माझ्या लग्नात दिलेला डबा परत काय नेताय?”

“मग? पोराला बडवायला दिलास ना? जड झाला असेल, म्हणून नेते.”

“दादा, डबा माझा आहे!”

“मॅडम, रेकॉर्डप्रमाणे तुमचा त्याच्याशी संबंध नाही,” मी म्हणालो. (हे वाक्य आता मी झोपेतसुद्धा म्हणणार नाही.)

साडेदहापर्यंत जिन्यावर तीन मजले माणसं होती. मामांनी भाच्यांचे घडे नेले, वन्संनी वहिनींच्या ताटल्या नेल्या. दोन घरांतली बोलाचाल तिथेच बंद झाली. गलका ऐकून रुपाली बाहेर आली, यादी वाचली, आणि भिंतीला टेकून खालीच बसली. आवाज नसल्यामुळे काही बोलली नाही. मला वाटलं, कौतुकाने भारावली.

शेवटी आला ऑफिसातला माझा मित्र उत्तरेश्वर. त्याची राधा दुसरीतच आहे. “सुखदेवराव, आमच्या राधाची परात?”

“परात एकच आहे, ती आमची.”

“ती बघा आमची!” राधाने मांडणीकडे बोट दाखवलं.

“बाळ, नाव वाच. वाघोले.”

“तुमचंच असणार ना,” उत्तरेश्वर म्हणाला. “नऊ वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला तुम्हीच नव्हती का दिलीत?”

रुपालीने उठून परात घेतली. पुढची बाजू वाचली. मग उलटी केली. मागे बारीक अक्षरांत होतं, ‘चि. रुपालीस, आईकडून’. (वास्तुशांतीला भेटवस्तू आणायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून घरातलीच परात उचलली. पुढे नाव घालून घेतलं, मागे बघायचं राहिलं. घासतानाही राहिलं.)

आणि आदल्या दिवसापासून बसलेला आवाज उठला.

“घर बदलताना टेम्पोतून पडली म्हणाला होतात ना? नऊ वर्षं मी त्या बिचाऱ्या टेम्पोवाल्याला शिव्या घालतेय!”

उत्तरेश्वरला तेवढ्यात महत्त्वाचं काम आठवलं.

सोमवारी चैताली मॅडमनी आम्हां दोघांनाही बोलावलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. “एक तक्रार आली तर तास बंद, असं म्हणाले होते. एकोणतीस आल्यात.”

रुपालीचा चेहरा उतरला. अकरा वर्षं माझ्यामुळे पाण्यात गेली होती, तीसुद्धा भांडी घासायच्या पाण्यात. मी तोंड उघडलं. तिने नुसतं बघितलं, मी मिटलं.

“सगळ्या वाचल्या,” मॅडम म्हणाल्या. “संगीताबद्दल एकही नाही. एका आईने तर लिहिलंय, पोरगा वाटी वाजवत पाढे म्हणतोय, आणि बरोबर म्हणतोय. तक्रारी सगळ्या ह्यांच्याबद्दल आहेत. तास चालू राहील. ह्यांचं काय करायचं, ते तुम्ही बघा.”

रुपालीने बघितलं. चार रविवार दारोदार हिंडून मी सगळी भांडी ज्याची त्याला परत केली. परात राधाकडेच राहिली. दिलेली वस्तू परत घ्यायची नसते, असं रुपाली म्हणाली. (डबा मागायला गेलो तेव्हा कांताबाईंकडे बघून म्हणाली, पण रोख माझ्याकडे होता.)

आता दर दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी असते, तेव्हा शाळेत जावं लागतं. दुसरीच्या वर्गात, त्या रिकाम्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून मी बसतो. परवा पेटीच्या कपाटाचा विषय निघाला. कुलूप कसं उघडायचं यावर रुपाली मुलांशी बोलत होती. मी उत्साहाने अर्धा उठलो, म्हणालो, “अगं, मी आहे...”

शेजारच्या बाकावरून राधाने माझी बाही ओढली, माझ्या हातातलं झाकण सरळ केलं आणि म्हणाली, “काका, तुमचं पान आलं.”