कोटोनूचा भाऊ

"बोलाजी, उद्या दुपारी तुझी वहिनी येतेय," चवळीचा गरम वडा तोंडात कोंबत वासिऊने सांगितलं.

"येऊ दे की. मी आपला बाजूला झोपेन."

"कुठल्या बाजूला?"

बोलाजीने खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीला बाजू एकच होती आणि तिच्यात पलंग होता. वासिऊ त्याचा मावसभाऊ. स्वभावाने वाईट नव्हता, पण नव्या बायकोसमोर पायथ्याशी मावसभाऊ झोपवणार तरी कसा? तेव्हा उद्या दुपारच्या आत बोलाजीने आपली गादी उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, एवढं ठरलं. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मात्र दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोलाजी ओग्बोमोशोहून लागोसला नोकरीला आला होता. जहाजांच्या मालाची कामं बघणाऱ्या एका कचेरीत तो कारकून होता. त्याच्या आईने गावात सांगून ठेवलं होतं की, माझ्या मुलाच्या कचेरीतून समुद्र दिसतो. ते खोटं नव्हतं. संडासाच्या खिडकीतून दिसायचा. पगाराचा अर्धा भाग पूल ओलांडून कचेरीत जाण्यात संपायचा आणि उरलेला अर्धा परत येण्यात. मधल्या वेळात तो पाण्यात भिजवलेली गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, खायचा आणि दिवसेंदिवस सडपातळ व्हायचा.

आता असल्या माणसाने खोली घ्यायची कशी? आमच्या लागोसात घरमालकाला दोन वर्षांचं भाडं आगाऊ लागतं. शिवाय दलालाला खोली दाखवल्याबद्दल द्यावं लागतं, आणि खोली आवडली नाही तरी द्यावं लागतं. दोन वर्षांचं भाडं ज्याच्या गाठीला आहे तो लागोसला झक मारायला कशाला येईल, हा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. तरी दरवर्षी हजारो पोरं गठुडं घेऊन उतरतात आणि हे शहर त्यांना कुठेतरी सामावून घेतं. कसं घेतं, ते मलाही इतकी वर्षं राहून कळलेलं नाही.

हे बोलणं शनिवारी सकाळी झालं, आणि लगेच बोलाजीने आपला एकुलता एक चांगला पोशाख अंगावर चढवला. कांद्याच्या सालीच्या रंगाचा, जाळीदार कापडाचा, बहिणीच्या लग्नात शिवलेला. वर गडद हिरवी टोपी. भाडेकरू जरा बरा दिसला तर मालक विरघळेल, अशी त्याची समजूत. दलालाने त्याला एबुटे मेट्टाच्या तीन गल्ल्या हिंडवलं. एका मालकाने विचारलं, "लग्न झालंय?" दुसऱ्याने विचारलं, "बाप काय करतो?" तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, आगाऊ रक्कम नाही म्हटल्यावर फाटक लावून घेतलं. मग दलालही कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून सटकला.

बोलाजी उपाशीपोटी भर उन्हात उभा होता आणि वाऱ्यावर टोमॅटो-मिरचीत शिजलेल्या जोलोफ भाताचा वास आला.

शनिवारी लागोसात उपाशी राहणं अवघड आहे. कुठल्यातरी गल्लीत मांडव असतोच. कुणाचं लग्न असतं, कुणाचा म्हातारा भरल्या वयात गेलेला असतो, आणि गेलेला माणूसही गल्लीला जेवू घातल्याशिवाय जात नाही. मांडवात शिरलेल्याला कुणी हात धरून उठवत नाही, हे आमच्या शहराचं मोठेपण. मात्र वाढणाऱ्या बायका कापड बघतात. व्याह्यांचा रंग वेगळा, चर्चवाल्यांचा वेगळा, धंद्यातल्या दोस्तांचा वेगळा. सगळ्यांनी आधी ठरवून, एका ठाणातून विकत घेतलेलं कापड. ज्याच्या अंगावर यातलं काहीच नाही तो 'ऐकलं आणि आलो' जमातीचा. त्याला शेवटच्या रांगेत भात मिळतो, बिनमटणाचा. बोलाजी नेहमी त्याच रांगेत बसे, एक ताट खाई आणि मृताचा फोटो छापलेली, फुकट वाटलेली बादली न घेता घरी जाई. तेवढी लाज त्याने राखली होती.

आज तो शेवटच्या रांगेत टेकतो न टेकतो तोच एक मुलगी धावत आली. ज्या म्हाताऱ्याच्या मातीचा हा मांडव होता, त्याची ही नात, फुनके.

"अहो, इथे काय बसलाय? सगळे काका पुढे आहेत!"

बोलाजीने पुढे बघितलं. पुढच्या टेबलाशी बसलेले सगळे बाप्ये कांद्याच्या सालीच्या रंगात होते. डोक्यावर गडद हिरव्या टोप्या. हे गेलेल्या म्हाताऱ्याचे मुलगे. लाकडाचे मोठे व्यापारी असलेल्या या बाबा अडेगोके यांना तीन बायका होत्या आणि मुलं इतकी की त्यातली काही आज एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होती.

फुनकेने त्याला ओढत नेऊन खुर्चीत बसवलं. समोर ताट आलं. भातावर मुठीएवढ्या जाडीचा बोकडाच्या मटणाचा तुकडा होता. असला तुकडा बोलाजीने लागोसात आल्यापासून फक्त लांबून पाहिला होता.

"तुम्ही कोटोनूचे ना?" फुनकेने विचारलं.

बोलाजीने मान डोलावली. खरं तर ती मटणाला डोलावली होती, पण फुनके केव्हाच ओरडत सुटली होती, "कोटोनूचे काका आले! कोटोनूचे काका आले!"

मांडवात एकच गलका झाला. बाबांचा एक मुलगा सरहद्दीपलीकडे कोटोनूला असतो, हे घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. पाहिला कुणीच नव्हता. लंडनचा भाऊ बायोदे उठून आला आणि त्याने बोलाजीला कडकडून मिठी मारली.

"अरे, किती दिवस तुझी वाट बघतोय! तुझ्यावाचून सगळं अडलंय बघ."

"माझ्यावाचून?" बोलाजी म्हणाला. पण मटण तोंडात असल्याने ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात बाबांच्या धाकट्या बायकोला दोघींनी धरून आणलं. सगळे तिला धाकट्या आई म्हणत. म्हातारीने बोलाजीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि रडू लागली. "नाक बघा, नाक! हुबेहूब त्यांचं!" बोलाजीचं नाक त्याच्या ओग्बोमोशोच्या आजोबांवर गेलं होतं, पण रडणाऱ्या म्हातारीला हे सांगणार कोण? त्याला एकच गोष्ट सुचली. घरी शिकवलं होतं तसा तो तिच्यापुढे सपशेल आडवा झाला, छाती मातीला टेकवून. बाबांचे बाकीचे मुलगे कंबरेत जरासे वाकून, दोन बोटं जमिनीकडे दाखवून मोकळे होत असत. इस्त्री मोडायची ना! म्हाताऱ्यांच्या टेबलावरून "वा!" असा आवाज उठला.

एकच व्यक्ती खूश दिसत नव्हती. बाबांची थोरली मुलगी मोरेनिकेताई. सगळा मांडव, स्वयंपाक, बँड, व्याह्यांचे रुसवे, सगळं तिच्या दोन हातांवर चाललं होतं. ती कमरेला पदरासारखं कापड खोचून आली आणि बोलाजीकडे भूत बघावं तशी बघत राहिली.

"तू... कोटोनूचा?"

"हो, ताई," बोलाजी पुटपुटला.

"खरंच आलास?"

"आलो, ताई."

"बरं," म्हणून ती जवळच्या खुर्चीत मटकन बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती.

यानंतर जे झालं त्यात बोलाजीचा काही दोष नाही. मुलग्यांचा नाच सुरू झाला, त्याला मध्ये ढकललं गेलं. ढोलकरी बगलेतला ढोल दाबत त्याच्या मागे लागला आणि त्याची सात पिढ्यांची कुळी गाऊ लागला, त्यातली एकही बोलाजीची नव्हती. लोकांनी त्याच्या कपाळावर नोटा चिकटवल्या. त्या त्याने गोळा करणाऱ्या मुलीच्या पिशवीत टाकल्या, कॉलरमध्ये घसरलेली एकसुद्धा काढून टाकली. फुनकेने फोनवर सगळं टिपून जगभर पाठवलं. व्याह्यांना पेयं मिळाली नाहीत म्हणून ते रुसले, तेव्हा बाकीचे भाऊ फोटो काढण्यात गुंतले होते. बोलाजीने बाटल्यांची खोकी डोक्यावर घेऊन व्याह्यांची समजूत काढली. खाल्लेल्या तुकड्याची कुठेतरी भरपाई करावी, असं त्याला वाटत होतं. मोरेनिकेताई ते बघत होती. सारखी बघत होती.

मग बायोदेने टाळी वाजवली. "चला, सगळे आत. भावंडं आणि काका. आज पहिल्यांदा सगळे एकत्र आहोत, विषय संपवूनच टाकू."

बोलाजी दाराकडे सरकला, तर दोन भावांनी त्याला खांद्यांना धरून आत नेलं.

दिवाणखान्यात बाबांचे म्हातारे धाकटे भाऊ बसले होते. बायोदे उभा राहून बोलला. "काका, हे घर विकायचं आहे. घेणारा तयार आहे, इथे उंच इमारत उठेल. आजवर ताई म्हणायची, कोटोनूचा भाऊ आल्याशिवाय, त्याचा होकार मिळाल्याशिवाय घराला हात लावायचा नाही. बरोबरच होतं तिचं. आता तो आलाय. काय रे भावा, तुझा होकार आहे ना? तुझा वाटा तुला मिळेल. लागोसात स्वतःचं घर घेशील!"

स्वतःचं घर! बोलाजीच्या डोळ्यांपुढे उद्याची दुपार आली, गादी आली, वासिऊची नवी बायको आली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

कोपऱ्यातून धाकट्या आईंनी हळूच विचारलं, "मग आम्ही उरलेल्या दोघी सवतींनी कुठे राहायचं? आणि मागच्या खोल्यांतले भाडेकरू?"

"त्याची काहीतरी सोय बघू," बायोदे म्हणाला. 'काहीतरी सोय' म्हणजे काय, हे त्या खोलीत बोलाजीइतकं चांगलं कुणाला माहीत नसेल. तो पुन्हा एकदा सपशेल आडवा झाला आणि जमिनीवरूनच बोलला.

"काका, मला माफ करा. मी तुमच्यातला कुणीच नाही. मी ओग्बोमोशोचा. भात खायला आलो होतो."

मग बायोदे हसायला लागला. "वा, ताई! चांगलं पढवलंस की!"

"मी?" मोरेनिकेताई म्हणाली.

"कापड आपलं, नाक आपलं, धाकट्या आईंनी ओळखला, आणि हा म्हणतो मी परका! काका, हे सगळं घर अडकवायला चाललंय."

"आईशप्पथ सांगतो, माझा बाप जिवंत आहे!" बोलाजी कळवळला.

"सिद्ध कर," काका म्हणाले.

आपला बाप जिवंत आहे हे लागोसात आडवं पडून सिद्ध कसं करायचं? पण देवाला काळजी असते. त्याच वेळी बोलाजीच्या खिशातला फोन वाजला. फुनकेने टिपलेला बोलाजीचा नाच फिरत फिरत वासिऊला मिळाला होता आणि त्याने तो गावी पोचवला होता. घाईत बोलाजीचं बोट भलतीकडे लागलं आणि त्याच्या आईचा आवाज दिवाणखानाभर घुमला.

"बोला! अरे करंट्या, तुझा बाप इथे माझ्यासमोर बसून कुटलेल्या याम कंदाचा दुसरा गोळा खातोय, आणि तू तिथे कुणाच्या बापाचा मुलगा होऊन नाचतोयस?"

"आई, ऐक..."

मागून एक भरल्या तोंडाचा पुरुषी आवाज आला, "त्याला विचार, त्या बापाने काही मागे ठेवलंय का?"

काका हसत हसत खोकायला लागले. बायोदे भडकला. "पोलिसांना बोलवा! लफंगा आहे हा!"

"बस खाली, बायोदे," मोरेनिकेताई उठली. सकाळपासूनचा थकवा कुठच्या कुठे गेला होता. "लफंगा असता तर हो म्हणाला असता. या घरात आज बाबांच्या मातीला शोभेसा एकच माणूस वागला, आणि तो भात खायला आलेला निघाला. आपण सगळ्यांनी याचा विचार करावा. असो. तर कोटोनूचा भाऊ अजून यायचाय. तो येईपर्यंत घराला हात लागणार नाही. तुझेच शब्द आहेत ना? काका, बरोबर आहे ना?"

"बरोबर," काका डोळे पुसत म्हणाले.

बैठक मोडली. बोलाजी मान खाली घालून मागच्या दाराने निघाला होता. मोरेनिकेताईने त्याला अंगणात गाठलं.

"राहतोस कुठे?"

"उद्यापासून कुठेच नाही, ताई."

तिने जुडग्यातून एक किल्ली सोडवली. "ती शेवटची खोली कोटोनूच्या भावासाठी म्हणून ठेवलेली आहे. पडून पडून भिंतींना ओल येते. राहा तू. भाडं दर महिन्याला, पगार झाल्यावर."

हे वाक्य लागोसात आजवर कुठल्या भाडेकरूने ऐकलं नसेल. बोलाजीने ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनेही म्हटलं. त्याचे डोळे भरून आले आणि मग एकदम त्याला खऱ्या भावाची आठवण झाली.

"पण ताई, तुमचे भाऊ आले तर मला लगेच जावं लागेल ना?"

मोरेनिकेताईने मागे कुणी नाही ना ते पाहून घेतलं.

"कोटोनूला आमचं कुत्रंसुद्धा नाही," ती हलकेच म्हणाली. "बाबा गेल्यावर बायोदेने पहिल्यांदा घर विकायचं काढलं, त्या दिवशी हा भाऊ मी जन्माला घातला. आणि आज मांडवात येऊन बघते, तर तो समोर बसून मटण खातोय! माझं काय झालं असेल?"

बोलाजीला हसावं की रडावं ते कळेना. "म्हणजे तो कधीच येणार नाही?"

"असं कसं? येईल की," किल्ली त्याच्या हातात ठेवत ताई म्हणाली. "तुझा पगार वाढला की येईल."