रेवणप्पांचं ‘सोडू?’

रेवणप्पांच्या हातून चहाचा कप घेणं सोपं नव्हतं. कप आपल्या हातात आला तरी त्यांची बोटं कपाच्या कानाला धरूनच. मग आपल्या डोळ्यांत बघून ते विचारणार, “सोडू?” आपण “सोडा” म्हटल्याशिवाय कप सुटत नसे. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी कप ओढला. चहा शर्टावर आला आणि वर उपदेश: “सर, सांगितल्याबगर सोडलं की समोरचा माणूस पडतो.”

आमच्या औरादच्या कॉलेजात ते मुलींचे रस्सीखेचीचे कोच म्हणून आले, एका वर्षाच्या बोलीवर. पदक आणा, मग पुढचं बघू, असं प्राचार्यांनी बजावलेलं. आमच्याकडे रस्सीखेच म्हणजे स्नेहसंमेलनात जेवणाआधी भूक लागावी म्हणून केलेला उद्योग. त्याला कोच? मी स्टाफरूममध्ये म्हणालो, “उद्या झोपेलाही कोच नेमतील.” त्या विषयात मला कोचची गरज नव्हती. माझ्या तासाला बसलेलं कुणीही सांगेल.

त्यांनी आठ मुली निवडल्या. त्यात माझी लेक पूजाही. रस्सीचं एक टोक मैदानातल्या लिंबाच्या खोडाला बांधलं आणि हुकूम सोडला, “ओढू नका. नुसतं धरून ऱ्हावा.”

“अप्पा, झाड हलंना की!” पूजा कुरकुरली.

“ते कामून हलंल? तू हलू नको, झालं.”

महिनोन् महिने हेच. घरी पूजा जेवणाचं ताट देतानाही “सोडू?” विचारायला लागली. आमची ही वैतागली, “कॉलेजात तुला ताट धराया शिकवायलेत व्हय?”

मग बीदरला स्पर्धा झाल्या. अंतिम फेरीत समोरच्या संघातली एकेक पोरगी ज्वारीच्या भरल्या पोत्यासारखी. मी मनातल्या मनात पूजाच्या कमरेला लेप लावायला घेतला. शिट्टी झाली. त्यांनी जीव खाऊन ओढलं. आमच्या मुली मागं तिरप्या झाल्या आणि लिंबासारख्या उभ्या राहिल्या. आवाज नाही, हालचाल नाही. रेवणप्पा उकिडवे बसलेले, हात वर. समोरच्यांना धाप लागली, दम तुटला, आणि रेवणप्पांचा हात खाली आला. विहिरीतून घागर वर यावी तसा तो अख्खा संघ आमच्याकडे येत गेला. माझं तोंड उघडं ते उघडंच.

पंचांनी जिंकल्याची शिट्टी दिली, तरी आमच्या मुलींनी रस्सी धरलेलीच. आठही जणी एका सुरात ओरडल्या, “सोडू का?”

समोरची घामेजलेली पोरगी चक्रावली. “सोडा की, अक्का!”

तेव्हा कुठं रस्सी हळूच खाली आली. कुणी पडलं नाही. लोक हसले. मला हसता येईना.

पदकानं काम केलं, पण भलतीकडे. आमच्याकडची मंजुरी अजून ‘यायलीय’ म्हणेपर्यंत बीदरच्या एका कॉलेजनं रेवणप्पांना कायमचं नेमलं. तिथल्याच मैलूर भागातल्या त्यांच्या घरापासून चालत जाता येईल असं.

मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. म्हणालो, “बरं झालं, अप्पा. आता घरी लवकर पोचाल.”

“लवकर पोचून करू काय, सर? घरी कोण हाय?” ते बसकडे बघत राहिले. “लई वर्सं झाली. सकाळी आमच्या मंडळीनं हातात चहाचा कप दिला अन् आत गेली. तिथंच पडली, उठलीच न्हाई. काई बोलली न्हाई, सांगितली न्हाई.”

बस सुरू झाली. त्यांनी माझा हात हातात घेतला. मी त्यांच्या ‘सोडू?’ची वाट बघत राहिलो. ते विचारीनात.

“अप्पा, चढायलाव का न्हाई?” कंडक्टर ओरडला.

मलाही ‘सोडा’ म्हणवेना.