यंत्राचं आणि दगडूचं एकमत

सकाळी सात वाजता दगडू भोईरने आधी सही केली आणि मग कागदावर काय आहे ते विचारलं. जलवाहतूक खात्याच्या अधिकारी समीक्षा मॅडमनी वाचून दाखवलं: 'बिनचालकाच्या विजेच्या बोटीची चाचणी घेण्यापूर्वी स्थानिक नावाड्याचा सल्ला घेण्यात आला.' दगडूने विचारलं, कधी घेतला?

"आत्ताच की," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सही केलीत ना."

डोंबिवलीच्या खाडीवर दगडू चाळीस वर्षं माणसं अलीकडची पलीकडे करत होता. पलीकडे गोदामं आहेत. तिथे पुठ्ठ्याचे खोके उचलायला जाणारी चाळीस-पन्नास माणसं रोज त्याच्या होडीतून जायची. त्याचा परवाना महिनाअखेरीला संपत होता. चाचणी पास झाली की परवाना पुन्हा मिळणार नव्हता, हे खात्याने स्पष्ट कळवलं होतं. नापास झाली तर मिळेल, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण दगडूची बायको शेवंती तसं धरून चालली होती. पाटी घेऊन मासळीबाजारात निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "तोंड बंद ठेव. ती फसली तं फसू दे."

चाचणी साडेसातला होती. त्या वेळी खाडी भरलेली होती आणि बोट ऐटीत डुलत होती. पण कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते फीत कापायची होती आणि वाहतुकीच्या भविष्यावर भाषण द्यायला निघालेले साहेब माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. साडेआठला ते पुलाखाली होते. साडेनऊलाही पुलाखालीच होते. तोपर्यंत नारळ फुटला, शाल देऊन झाली, बॅनर एकदा पडून पुन्हा लागला. शेवटी कंपनीचा इंजिनीअर विनीत याने मोबाईल फितीसमोर धरला, साहेबांनी गाडीत बसून "कट" म्हटलं आणि विनीतने फीत कापली. साडेदहा वाजले होते.

विनीत, मॅडम आणि दगडू बोटीत चढले. दगडूला लाइफ जॅकेट घालून मागच्या बाकावर ठेवलं. विनीतने टॅबवर बोट टेकवलं. शाळेतल्या बाईंसारख्या आवाजात बोट म्हणाली, "पाणी अपुरे आहे. प्रवास सुरू करता येणार नाही."

विनीतने पुन्हा दाबलं. बोटीने तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. सेन्सरला चिखल लागला असेल, असं विनीतने मॅडमना सांगितलं. मॅडमनी, माणूस समोर बसलाच आहे म्हणून, दगडूला विचारलं. शेवंतीचं बोलणं दगडूच्या कानात होतं. पण पाण्याबद्दल विचारल्यावर खोटं सांगायची त्याला सवय नव्हती.

"ती बरोबर बोलतं," तो म्हणाला. "आज अष्टमी. भांगाचं पानी, आधीच कमी, त्यान आता उतरलंय. हिचं पोट खोल हाय, मधे चिकलान रुतंल. माजी होरी जाईल. ही नाय."

"काका, हिला सॅटेलाइट सांगतो," विनीत हसून म्हणाला. "तुम्हाला कॅलेंडर सांगतं."

सॅटेलाइट आणि कॅलेंडर एकच सांगत होते, हे बोटीत फक्त दगडूच्या आणि बोटीच्या लक्षात आलं होतं. विनीतने सेन्सर बंद केला. त्यासाठी अधिकाऱ्याची संमती लागत होती. मॅडमना तीन वाजता ठाण्याला मीटिंग होती. त्यांनी टॅबवर अंगठा लावला. लाखो रुपये घालून शहाणी केलेली बोट दोन माणसांनी अर्ध्या मिनिटात मूर्ख केली.

चार मिनिटांनी बोट खाडीच्या मध्यावर रुतली. सेन्सर बंद असल्यामुळे तिला ते कळलं नाही. ती पंखा फिरवत राहिली आणि मागे उभ्या असलेल्या विनीतच्या पांढऱ्या शर्टावर खाडीचा तळ काढून ठेवत राहिली.

मग फोन झाले. मदतीच्या एका नंबरवर विचारलं, तुम्ही कुठल्या हद्दीत आहात? खाडीच्या मध्यावरून दोन हद्दी जातात. विनीतने नकाशा उघडला तर बोट बरोबर रेघेवर होती. दोन्हीकडच्या लोकांनी आधी कुठल्या तरी एका बाजूला या, असं सुचवलं. विनीतने दगडूला उतरून ढकलायला सांगितलं. दगडूने शांतपणे नकार दिला. उतरला तर कमरेपर्यंत आत जाईल आणि त्याला काढायला पुन्हा एक माणूस लागेल, असा त्याचा हिशोब होता. पाणी सरकत गेलं. बोट एका अंगावर कलली. मॅडम वरच्या अंगाला फाइल धरून बसल्या आणि ऊन कोणाचंही पद न बघता सगळ्यांवर सारखं पडत राहिलं.

एक वाजता शेवंती बाजारातून परत आली, तिने धक्क्यावरून बघितलं आणि कोणाला काही न विचारता होडी सोडली. चिखलाच्या कडेने पाण्याची एक चिंचोळी वाट उरते, तिथून तिने बांबूने होडी रेटत आणली. पुढे नुसता चिखल. तिथे तिने मासळीच्या खोक्यांच्या थर्माकोलचा, निळ्या प्लास्टिकने बांधलेला तराफा टाकला, त्यावर पालथी झाली आणि पायाने चिखल मारत सरसर बोटीशी येऊन थांबली.

"मॅडम, पाय वर," ती म्हणाली. "फाइल पन वर. इथं खेकरं हान."

मॅडम कडक इस्त्रीच्या साडीत थर्माकोलवर बसल्या आणि दोरीने ओढत होडीपर्यंत नेल्या गेल्या. विनीतने विचारलं, हे माझं वजन घेईल का?

"दोन मन बोईट मासली नेतं," शेवंती म्हणाली. "तुजं काय."

परतताना ती नवऱ्याशी एवढंच बोलली, "तुना सांगलं व्हतं, तोंड बंद ठेव."

"इचारलं तं सांगलं," दगडू म्हणाला.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. तो वाचून दाखवायला मॅडम स्वतः आल्या, तेवढी लाज त्यांना होती. बोट सगळं टिपून ठेवत होती, आवाजसुद्धा. अहवालात लिहिलं होतं: दहा चौतीसला यंत्राने इशारा दिला, दहा छत्तीसला नावाड्याने तोच इशारा दिला. 'यंत्राचा निर्णय व चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या नावाड्याचा निर्णय तंतोतंत जुळला. सबब यंत्र सक्षम असून नावाड्याची आवश्यकता उरत नाही.' आपली होडी जाईल, असंही दगडू म्हणाला होता. ते अहवालात नव्हतं, कारण होडी हा चाचणीचा विषय नव्हता. अंगठा कोणाचा होता तेही नव्हतं. तिथे 'मानवी हस्तक्षेप' असं लिहिलं होतं. पुन्हा असा हस्तक्षेप होऊ नये म्हणून सेन्सर बंद करायची सोयच काढून टाकण्यात आली होती.

"अहवालात तुमचं नाव आलंय," मॅडम म्हणाल्या. शेवंतीने विचारलं, नाव तव्यावर टाकता येतं का?

एक तारखेला दगडूची होडी दारात उपडी झाली आणि बोट सुरू झाली. पहिले दोन दिवस गोदामांना सुट्टी होती, ते भर दुपारच्या भरतीला साहेबांच्या पाहुण्यांना फिरवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी गोदामांची माणसं धक्क्यावर आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि पूर्ण ओहोटी होती.

"पाणी अपुरे आहे," बोट म्हणाली.

विनीतने रुमालाने सेन्सर पुसला. बोटीने तेच सांगितलं. तो तिला गोड बोलला, मग तापून बोलला. दाबायला बटण उरलं नव्हतं. दहाच्या आत पोचलं नाही तर अर्धा रोज कापतात, हे चाळीस माणसांनी त्याला चाळीस वेळा सांगितलं, शेवटच्या काहींनी कॉलर धरून सांगितलं. विनीतने मॅडमना फोन केला. मॅडमनी दगडूला केला.

दगडू ओट्यावर जाळं शिवत होता. त्याने फोन स्पीकरवर टाकला. मॅडम म्हणाल्या, होडी लगेच काढा, तात्पुरती, कागदाचं मागाहून बघू. शेवंती मासळी कापत होती. तिने कोयता थांबवला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

"मॅडम, यंत्र काय बोलतं?" दगडूने विचारलं.

"पाणी अपुरं आहे म्हणतंय."

"मंग मी पन तेच बोलतंय," दगडू म्हणाला. "आमचं तंतोतंत जुलतं. तुमीच लिवलंय."

मॅडमनी फाइल उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, परवान्यावर किती वर्षं लिहू?