मी फक्त फाटक धरलं होतं

एकट्यानं डोंगर चढायला डोकं लागतं आणि ते माझ्याकडे भरपूर आहे, असं मी हिल्डाला ऐकवलं, तेव्हा ती मटार सोलत होती. हिल्डा म्हणजे माझी बायको. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, नकाशा मला उलटा धरूनही वाचता येतो! पण घरच्या माणसाला कुठली आलीय किंमत?

"तू पाव आणायला जातोस आणि गप्पा मारून पावाशिवाय परत येतोस, ऑब्री," ती म्हणाली. "तू एकटा राहणार?"

लागली पैज. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला ग्रे नॅब हा डोंगर मी एकट्यानं चढायचा आणि शिखरावरच्या दगडांच्या ढिगाशी फोटो काढून आणायचा. जमलं तर पुढच्या सुट्टीतही मी एकटा भटकायला मोकळा. नाही जमलं तर समुद्रकाठी तिच्या बहिणीच्या, डॉरीनच्या कॅरव्हॅनमध्ये अख्खा आठवडा. डॉरीन स्वभावानं सोनं आहे. पण ती झोपेतही बोलते, आणि कॅरव्हॅनला भिंती म्हणजे नुसता पत्रा.

तर सकाळी मी शीळ घालत पहिल्या फाटकाशी पोचलो. मागून लाल टोपी घातलेल्या एक बाई येताना दिसल्या. मागून कुणी येत असलं की फाटक धरून उभं राहायचं, हे आमच्याकडचं बाळकडू. बाई चांगल्याच लांब होत्या. पण मी धरलंय म्हटल्यावर त्यांना पळावं लागलं, आणि त्या पळताहेत म्हटल्यावर मला ते सोडता येईना. त्यांच्यामागून धापा टाकत त्यांचं अख्खं भटकंती मंडळ आलं. सगळे निवृत्त, सगळ्यांच्या हातात काठ्या.

लाल टोपीवाल्या एनिडबाईंनी माझा हातच धरला. मंडळाच्या ऑफिसातून त्यांना सांगितलं होतं म्हणे, नवा वाटाड्या पहिल्या फाटकाशी भेटेल. "तुम्ही नसतात तर इथूनच परत फिरावं लागलं असतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. आता अशा बाईला तोंडावर कसं सांगायचं? ठरवलं, पुढच्या फाटकाशी सांगू.

पुढचं फाटक येण्याआधी त्यांनी माझ्या हातावर फ्रूटकेकचा भलामोठा तुकडा ठेवला. केक उत्तम होता. तो खाऊन झाल्यावर 'मी तुमचा कुणीच नाही' म्हणणं शोभतं का, सांगा!

मग काय, निघालो पुढारी होऊन. वाटेत हिमनद्यांवर व्याख्यानही दिलं. सगळ्यात मागे हिरव्या जाकिटातले एक उंच गृहस्थ होते. वाट फुटली की ते हटकून खोकायचे. बिचाऱ्यांना सर्दी झालेली दिसते, असं मला वाटलं. पुढे धुकं उतरलं आणि स्वतःचे बूटही दिसेनात. त्यांचा खोकला वाढला, तशी मी चाल वाढवली.

एकदाचा दगडांचा ढीग लागला. मंडळानं टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांना बाजूला उभं केलं, उंच गृहस्थांच्या हातात फोन दिला आणि छाती काढून एकट्याचा फोटो काढून घेतला.

उतरलो तो थेट सकाळच्याच फाटकाशी. मी ते पुन्हा धरलं. शेवटी उंच गृहस्थ आले, तेव्हा मी त्यांना मायेनं म्हटलं, "खोकल्याला काहीतरी औषध घ्या."

ते लालबुंद झाले. "खोकला नाही हो. मी थ्रॉप. या मंडळींचा वाटाड्या."

माझ्या हातून फाटक सुटलं. "मग बोलला का नाहीत?"

"मला पोचायला जरा उशीर झाला. बघतो तर तुम्ही फाटक धरून उभे! वाटलं, मंडळानं माणूस बदलला असेल. चारचौघांत तुम्हाला कशाला अवघडल्यासारखं करायचं?"

"आणि शिखर?"

"ते डावीकडे राहिलं. तुमचा ढीग म्हणजे मेंढ्यांच्या कोंडवाड्याची पडकी भिंत. पण तुम्ही इतके रंगात आला होतात..."

यानंतर आम्ही एकमेकांची इतकी माफी मागितली की बस सुटता सुटता राहिली.

घरी हिल्डानं चष्मा लावून फोटो बघितला. नुसतं पांढरं धुकं, थोडे दगड आणि मी.

"शिखरच दिसतंय," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. "आणि एकटाच होतास?"

"अगदी एकटा. चिटपाखरू नव्हतं."

"मग फोटो कुणी काढला?"

मी मुकाट मटार सोलायला घेतले.

हे मी कॅरव्हॅनमध्ये बसून लिहितोय. आत्ताच डॉरीन चहा घेऊन आली आणि म्हणाली, पुढच्या वर्षीही याल ना? एवढ्या प्रेमानं विचारल्यावर माणसानं काय म्हणायचं? म्हटलं, वा, नक्की येऊ.