हिंमतआबांची कच्ची तयारी

हिंमतआबांच्या अंगणात पाऊल टाकायचं तर आधी शिट्टी वाजवावी लागे. फाटकाला सुतळीने एक पत्र्याची शिट्टी बांधलेली होती. ती वाजवायची, आपलं नाव मोठ्याने सांगायचं आणि आतून ‘या’ आलं की मगच कडी काढायची. दूधवाला वाजवायचा, पोस्टमन वाजवायचा. शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या तर त्याही पदराने शिट्टी पुसून वाजवायच्या. जंगलात न सांगता तंबूपाशी आलेला माणूस आणि अस्वल यांतला फरक आतल्याला कळत नाही, असं आबांचं म्हणणं. हे अंगण धुळ्यात होतं, देवपुरात, आणि तिथे आजवर आलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे कोपऱ्यावरच्या गोठ्यातली म्हैस.

आबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी, आमच्या मावशी, गेल्या. मुलगी सुरतेला दिलेली. घरात आबा एकटे, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट: पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या रानात एक रात्र मुक्काम करायचा. गावात नाही, देवळात नाही, रानात. पण शिस्तीत आणि सुखरूप. आम्हा तिघांना त्यांनी सोबतीला धरलं होतं. मी कचेरीतला कारकून, सुरेश दवाखान्यातला कंपाउंडर आणि नामदेव शिंपी. दर रविवारी सकाळी आबांच्या अंगणात सराव. सराव संपला की आबा चहा टाकत, आम्हाला आळीपाळीने न्याहाळत आणि मान हलवून म्हणत, “तयारी कच्ची शे.”

तंबू नामदेवने युरियाच्या रिकाम्या गोण्या जोडून शिवला होता. बाहेरून तो खताच्या दुकानासारखा दिसे. आत शिरलं की केळीच्या वखारीत ठेवल्यासारखं होई. आणखी थोडा वेळ बसलो असतो तर पिवळे पडलो असतो. तंबूभोवती आबा सापासाठी चुन्याची रेघ ओढत. आमच्या काठ्यांना बैलांचे घुंगरू बांधलेले, म्हणजे चालताना जनावराला आपला सुगावा लागावा आणि त्याने आपणहून वाट सोडावी. आम्ही काठ्या टेकत अंगणात गोल फिरायला लागलो की गल्लीतले लोक तमाशाची मंडळी आली का म्हणून डोकावायचे.

अस्वलाचं काम सुरेशकडे होतं. तो घोंगडी पांघरून तुळशीवृंदावनामागून निघायचा आणि आम्ही न पळता, पाठ न दाखवता, हळूहळू मागे सरकायचं. एकदा मी सरकत सरकत फाटकाबाहेर गेलो आणि एका सायकलस्वाराच्या अंगावर पडलो. आबांनी शांतपणे माझी चूक सांगितली. परत आत येताना मी शिट्टी वाजवली नव्हती.

आमच्या खानदेशात चार पुरुष बाहेर निघाले की जेवणात काय, हा प्रश्नच नसतो. भरीत. त्यामुळे एका रविवारी भरताचाही सराव ठरला. नामदेव भली मोठी हिरवी वांगी घेऊन आला. आबांनी कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला, तोही तंबूच्या अगदी तोंडाशी, कारण जनावर आगीला भितं. जनावराचं माहीत नाही. प्लॅस्टिकच्या गोण्या मात्र आगीला अजिबात भ्यायल्या नाहीत. वारा फिरला आणि तंबूचं दार आकसून पापडासारखं गोळा व्हायला लागलं. सुरेशने बाजूची बादली उचलली, तर आबांनी त्याचा हात धरला.

“ते नको. ते पिवानं पानी शे.”

ते पाणी त्यांनी पहाटे उठून उकळलेलं, तुरटी फिरवलेलं आणि धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळलेलं होतं. आगीवर अशुद्ध पाणी चालतं, म्हणून सुरेशला नळावर पिटाळण्यात आलं. नळाला पाणी नव्हतं. शेवटी शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून धुण्याचं पाणी ओतलं आणि जंगलातला वणवा विझला. भरीत मात्र झकास झालं होतं. ते खाताना आबा जळक्या तंबूकडे बघत इतक्या समाधानाने ‘तयारी कच्ची शे’ म्हणाले, की मला त्यांचा रागच आला.

कारण सहल पुन्हा लांबली. आधी दिवाळीनंतर ठरली होती, ती संक्रांतीवर गेली, मग होळीवर. कधी कंदिलाची काच, कधी सुरेशची सर्दी. मी दर वेळी रजा टाकायचो आणि मागे घ्यायचो. साहेब मला भर कचेरीत विचारू लागले, काय, वाघ भेटला का? बायकोने सांगून टाकलं की आता या जंगलासाठी मी पुऱ्या तळणार नाही. मग मीही हट्टाला पेटलो. नामदेवकडून दुसरा तंबू शिवून घेतला, सुरेशकडून औषधाची पेटी भरून घेतली आणि आबांना बजावलं की होळीची वाट न बघता या शनिवारी सकाळच्या पिंपळनेर गाडीने निघायचं म्हणजे निघायचं. आबांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिली. खोट काढायला काही सापडेना.

शनिवारी मी त्यांना घ्यायला गेलो. सुरेश आणि नामदेव परस्पर स्टँडवर येणार होते. आबा ओट्यावर बसले होते. पायांत बूट, डोक्याला मफलर, बाजूला बांधलेलं सामान. पण उठेनात. बरं वाटत नाही का, असं विचारलं, तर तसं काही नाही अशी मान हलवली. मला वाटलं, म्हातारा रानाला घाबरला. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो की आबा, आता काय राहिलंय?

आबा बुटांकडे बघत म्हणाले, “एकदाव जाई उनूत म्हंजे सरनं. मंग रविवारले आठे कोन येई, भाऊ?”

म्हणजे एकदा जाऊन आलो की सराव संपला, आणि सराव संपला की आमचं येणंही. आम्हाला अस्वलासाठी, सापासाठी, वणव्यासाठी तयार करणारा हा माणूस एका रिकाम्या रविवारला भीत होता. इतके दिवस त्यांच्या हातचा चहा पिऊन मला ते कळलं नव्हतं. फार माया आली त्यांची. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

मग म्हणालो, “आबा, पिंपळनेर तर घरचंच रान. खरं जंगल सातपुड्याचं. यावलकडून वर चढायचं. तिथली थंडी निराळी, चढ निराळा. आपल्याला ते कुठं जमतंय?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी थापा मारतोय हे त्यांना कळलं असावं, पण वजनकाट्यावर थोडंफार कमीजास्त सोडून द्यायची सवय होती त्यांना. त्यांनी माझ्या अंगातला स्वेटर किती जाड आहे ते दोन बोटांत धरून पाहिलं.

“याना वर तठे नही भागाव,” ते म्हणाले आणि उठून सामान खांद्यावर घेतलं. “पुढला रविवारले सगळासले बलाव. आते चाल, गाडी चुकी जाई.”

साक्री येईपर्यंत ते आम्हा तिघांना यावलच्या थंडीबद्दल सांगत होते. यावलला ते कधीच गेलेले नव्हते. आम्ही मन लावून ऐकत होतो.