वाघछाप रुपयाची ड्यूटी

खुमेंद्र पटलेने आईच्या देवघरातला वाघछाप रुपया ऑस्ट्रियातल्या एका माणसाला चार हजार दोनशेला विकला. आईला तेवढं सांगायचं राहून गेलं.

मुर्रीच्या राईस मिलमध्ये कारकुनी करता करता त्याला जुनी नाणी इंटरनेटवर विकायचा नाद लागला होता. १९४७ सालचा तो रुपया एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला वाघ, असा कोरा करकरीत होता. फोटो टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाईकाने पैसे भरले आणि एक विनंती केली: पाकिटावर 'भेटवस्तू, किंमत शंभर रुपये' असं लिहा, म्हणजे मला इथे कस्टम ड्यूटी पडणार नाही.

"लिहून टाकतो. आपलं काय जाते?" खुमेंद्र बायकोला म्हणाला.

"खोटं कायले लिहिता?" योगेश्वरी म्हणाली. पण तोवर तो फटफटीला किक मारून पोस्टात निघाला होता.

दिवाळीला तीन आठवडे उरले आणि आईने, सुंदरबाईंनी, देवघर घासायला काढलं.

"खुमेंद्र, माझा वाघ कुठं हाय रे?"

"बँकेच्या लॉकरात ठेवला, माय."

"आपला लॉकर कवापासून हाय?"

"आत्ताच घेतला."

"मंग लक्ष्मीपूजनाले काढून आण. मामाजींनं, तुह्या आज्यानं, मले नव्या नवरीले मुंहदिखाईत देला होता. त्याच्याबिगर पूजा होत नाही."

खुमेंद्र तसाच मोबाईलकडे धावला. त्याने ऑस्ट्रियाला लिहिलं, 'पैसे परत करतो, नाणं परत पाठवा.' उत्तर आलं, 'नाणं अजून मिळालेलं नाही, पण मिळाल्यावर मुळीच देणार नाही.'

तिकडच्या कस्टमवाल्यांना शंभर रुपयांच्या भेटीला एवढा टपालखर्च केलेला पाहून शंका आली. त्यांनी पैसे भरल्याची पावती मागितली. गिऱ्हाईकाने निमूट दाखवली. मग खऱ्या किमतीवर ड्यूटी आली आणि खोटं लिहिल्याचा दंडही आला. गिऱ्हाईक चिडलं. त्याने पाकीट घ्यायला नकार दिला, जिथून विक्री झाली त्या संकेतस्थळाकडे तक्रार केली, आणि संकेतस्थळाने खुमेंद्रचे पैसे रोखून धरले.

विक्रेत्याच्या संरक्षणाची सोय होती, म्हणून खुमेंद्रने क्लेम टाकला; पण ती सोय पाकिटावर खरी किंमत लिहिणाऱ्यांसाठीच होती. आठवड्याने कस्टमर केअरच्या मुलीचा फोन आला.

"सर, सॉरी, आपका क्लेम रिजेक्ट हो गया है. पैसे खरीददार को वापस जाएंगे."

"और सिक्का?"

"वो आपके पास वापस आ रहा है, सर."

"बहुत बढ़िया, मॅडम! आपका बहुत बहुत धन्यवाद!"

ती मुलगी गोंधळली. "सर, आप समझे ना? आपको पैसे नहीं मिलेंगे."

"हां हां, बिलकुल मत देना!" खुमेंद्र म्हणाला आणि त्याने मिलमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

धनतेरसच्या सकाळी तो पोस्टात पोचला. काउंटरवर यादोराव होते. त्यांनी पाकीट दाखवलं, पण हातात दिलं नाही.

"बाराशे ऐंशी रुपये भरा. इम्पोर्ट ड्यूटी."

"अहो, माझाच रुपया हाय तो! इथूनच गेला होता."

"तसा कागद कुठं हाय? तुमच्या कागदावर त 'गिफ्ट, शंभर रुपये' लिवलं हाय. वरून तिकडच्यायनं चार हजार दोनशेचा कागद चिकटवला हाय." यादोरावांनी चष्मा वर केला. "आणि गिफ्ट कोणं देलं?"

"मीच."

"कोणाले?"

"आता... मलेच."

"मंग हौस केली त भरा."

खुमेंद्रने दिवाळीच्या बोनसमधून पैसे भरले आणि पाकीट घरी आणलं. विदेशी तिकिटं, शिक्के आणि कागदांनी ते पार मढलं होतं. सुंदरबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"तुह्या बँकेत असे लिफाफे देतेत?"

खुमेंद्रचा धीर सुटला. त्याने विक्रीपासून ड्यूटीपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. योगेश्वरी सासूला रडू फुटायची वाट पाहत दारात उभी राहिली.

"किती देऊन रायला होता तो?" सुंदरबाईंनी विचारलं.

"चार हजार दोनशे."

"या एका रुपयाचे?"

"हो."

"आणि तू वापस आणला? वरून बाराशे भरून?" सुंदरबाई ताडकन उठल्या. "अरे, मामाजी असते त त्यायनं कवाचाच विकला असता! ते त बैलाची घंटी बी विकून आले होते. लिही त्याले. पाच हजार सांग. ड्यूटी त्याची त्यानं भरावं. वाघ पोसाचा हाय त खर्च लागते म्हणा."

खुमेंद्रने लिहिलं. ऑस्ट्रियाहून तासाभरात होकार आला.

रुपयाची लक्ष्मीपूजनात शेवटची पूजा झाली. भाऊबीज झाल्यावर पोस्ट उघडलं, तेव्हा सुंदरबाई स्वतः काउंटरवर उभ्या होत्या. लेकावर त्यांचा भरोसा राहिला नव्हता.

"गिफ्ट लिवू का, बाई?" यादोरावांनी विचारलं.

"गिफ्ट कायची? विकून रायलो. पुरे पाच हजार लिवा."

यादोरावांनी आकडा लिहिला. तो पाहून त्यांचा शिक्का हातातच राहिला. "एवढे भेटतेत का हो याचे? आमच्या घरी बी हायेत तसे. दोनतीन पडले हायेत डब्यात."

खुमेंद्र तोंड उघडणार, तेवढ्यात सुंदरबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"हा नवा होता म्हणून भेटले, भाऊ. घासल्या-पुसल्याले कोण विचारते?" त्या पदर सावरत म्हणाल्या. "पण आणा तुम्ही. पन्नास पन्नास देईन."