पैलवान घराण्याचे दात

“आपल्या घराण्यात दात पडत न्हाईत. पाडलं जात्यात.”

वडिलांचं हे वाक्य विश्वजितनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पहिलीत होता आणि त्याचा दुधाचा दात तळहातावर होता. आकाराम पैलवानांनी तो दात उजेडात धरून पाहिला आणि शेजारच्या बंडूनं तो पाडल्याचं जाहीर केलं. बंडू तेव्हा शाहूवाडीला मामाकडे होता. तरी परत आल्यावर त्याला माफी मागावी लागली.

घराण्याचा इतिहासच तसा होता. पणजोबांचे दात पन्हाळ्याच्या पायथ्याला एका कुस्तीत गेले, आजोबांचे सांगलीकडच्या मैदानात आणि आकारामांचे खुद्द कोल्हापुरात, एका नामांकित पैलवानाच्या कोपराने. तालमीच्या शाहिरानं त्यावर पोवाडा रचला होता:

पहिला दात ठेविला पन्हाळ्याच्या पायाशी,
दुसरा दात निजला लाल मातीच्या कुशीशी.

तिघांनीही ऐन चाळिशीतच कसा काय मार खाल्ला, असं कुणी कधी विचारलं नाही.

चाळिशी उलटली तशी विश्वजितच्या भाकरीवर रक्ताचा ठसा उमटू लागला. पुढचे दोन दात लग्नघरातल्या पाहुण्यांसारखे झाले. जातो जातो म्हणायचे आणि उठायचे नाहीत. त्याची बायको वर्षाराणी त्याला राजारामपुरीत डॉक्टर अवंतिकांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. काहींच्या शरीराला मात्र त्यांचा राग जास्त येतो आणि हा रागीटपणा बऱ्याचदा रक्तातूनच येतो. मग जंतूंवर सोडलेली फौज हिरडी सुजवते आणि दाताखालचं स्वतःच्याच घरचं हाड खाते. नीट साफसफाई केली आणि तपासणी चुकवली नाही, तर दात वाचतील. फक्त एक खरं सांगायचं, घरात आणखी कुणाचे दात लवकर पडले होते का?

“पडले नाहीत,” विश्वजित अदबीनं म्हणाला. “पाडले.”

“तिघांचेही?” डॉक्टरांनी विचारलं आणि मुलीलाही घेऊन यायला सांगितलं. मुलगी संयोगिता दहावीत होती. ती गेले काही महिने चूळ भरल्यावर घाईघाईनं बेसिन धुऊन टाकत असे.

ही बातमी संध्याकाळी तालमीत पोचली. तालीम मंडळाचे अध्यक्ष कृष्णात यांनी तातडीची बैठक बोलावली. विषय क्रमांक एक: घराण्याच्या रक्तावर घेण्यात आलेला संशय. रक्त निर्दोष असल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यामुळे दोष आपोआप जंतूंकडे गेला. जंतू मूळचे कुठले, असा प्रश्न निघाला तेव्हा डॉक्टरांना फोन लावण्यात आला. त्या म्हणाल्या, घरातल्या घरातच पसरतात, आईबापांच्या लाळेतून लेकरांकडे. म्हणजे जंतूही घराण्यातलेच निघाले. हा फोन इतिवृत्तातून वगळण्यात आला.

मग जंतू बाहेरून आले असावेत असं ठरलं आणि बाहेरून घरात आलेली एकच व्यक्ती होती. वर्षाराणीच्या इचलकरंजीच्या माहेराकडून खुलासा मागवण्यात आला. तिच्या भावानं उलट टपाली उसाचं एक चिपाड पाठवलं. आई या वयातही ऊस दातानं सोलून खाते, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. चिपाड सभेत हातोहात फिरलं. दातांच्या खुणा स्पष्ट होत्या. चौकशी थांबली.

आता पेच उरला. विश्वजितचे दात आपणहून पडले, तर रक्त दोषी ठरणार. डॉक्टरांनी वाचवले, तरी रोग होता असं सिद्ध होणार. तेव्हा दोन्हींच्या आधी, सन्मानपूर्वक, ते पाडून घेणं हाच मार्ग शिल्लक होता. येत्या शनिवारी गुंडू पैलवानाशी जंगी कुस्ती ठरली. गुंडू मनानं हळवा. हळूच मारंन की, असं त्यानं वर्षाराणीला घरी येऊन सांगितलं आणि चहा पिऊन गेला. चौकात फ्लेक्स लागला, ‘भव्य दंतार्पण सोहळा’. त्यावर विश्वजित तोंडभर हसत होता आणि शुभेच्छुकही सगळे दात दाखवत होते.

शनिवारीच दवाखान्याची वेळ होती. वर्षाराणीनं आठवण करून दिली, विनवलं, शेवटी अबोला धरला. विश्वजितलाही नको होतं, पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं आणि तोंड उघडलं की लोक अलीकडे वासानं मागं सरत.

हलगी कडाडली. विश्वजित मातीत उतरला. गुंडूनं मुठीला खोबरेल लावलं, लागू नये म्हणून. तेवढ्यात कृष्णात यांनी माईकवरून पुरवणी ठराव वाचला. कुमारी संयोगिता हिच्याही हिरड्यांतून रक्त येत असल्याचे समजते. मुलींच्या दातांबाबत मंडळाच्या घटनेत तरतूद नाही. सबब, ते पाडण्याची जबाबदारी लग्नानंतर सासरकडे वर्ग करण्यात येत आहे.

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं एकही पडली नाही.

संयोगिता उठली आणि पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेल्या आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. ओठ मिटूनच बोलायची तिला सवय लागली होती. “आज्जा,” तिनं विचारलं, “तुमचं दात कुणी पाडलं? नाव सांगा की त्याचं.”

हलगी थांबली. आकाराम पैलवानांनी गर्दीकडे पाहिलं, मातीतल्या लेकाकडे पाहिलं, नातीकडे फार वेळ पाहिलं. मग त्यांनी तोंडात बोटं घालून वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही तिच्या ओंजळीत ठेवल्या. गुंडूची मूठ आपोआप खाली आली.

“कुनी न्हाई पाडलं, बाळ,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “दूधभात खाताना पडलं. माझ्या बाचं बी तसंच, त्याच्या बाचं बी तसंच. वर्षाराणी, ह्या दोघास्नी डॉक्टरीणबाईकडं घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. आन् मी बी येतो, काय इचारायचं ते इचारू दे तिला.” फेटा सावरून ते गर्दीकडे वळले. “हितं समद्यास्नी ठावं हुतं. पर मला इचारलं असतं, तर ज्येला त्येला आपापल्या घरातलं बी सांगाय लागलं असतं की. व्हय का न्हाय, पावणं? आन् तुमी कशाला जीभ फिरवून बघताय हिरडीवरनं?”